'कमिटीने ठरवलंय' : ठाणे-नवी मुंबईत घर, शेजार आणि भेदभाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्यातल्या एका मध्यम सोसायटीत मी अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. पद सुटलं, फोन सुटले नाहीत. कळवा, ऐरोली, कोपरखैरणे, खारघर, घोडबंदर रोड, कुठूनही फोन येतो आणि दहातले नऊ वेळा सुरुवात एकाच वाक्याने होते: "काका, ते म्हणतात कमिटीने ठरवलंय." तेच तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. मी वकील नाही. प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल तर वकील गाठा. त्याआधीच्या पायऱ्या इथे आहेत.

१. एजंट म्हणतो, "या सोसायटीत तुमच्या लोकांना देत नाहीत." आता मी काय करू?

आधी नाही कोण म्हणतंय ते शोधा. मालक, एजंट आणि कमिटी असे तिघे असतात आणि तिघेही एकमेकांच्या आड लपतात. एजंटला वेळ वाया घालवायचा नसतो, म्हणून तो सोसायटीचं नाव पुढे करतो. मालकाला तोंडावर नाही म्हणायचा संकोच वाटतो, तोही सोसायटीचंच नाव घेतो. पुष्कळदा कमिटीला यातलं काही माहीतच नसतं. माझ्याच सोसायटीच्या नावावर एक एजंट दोन वर्षं लोकांना परत पाठवत होता, आणि हे मला भाजीवाल्याकडून कळलं.

एजंटला व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा: "आपण आज सांगितलंत की अमुक सोसायटीत मला घर मिळणार नाही. हा निर्णय कोणाचा आणि कारण काय, ते कृपया लिहून कळवावं." भांडू नका, कायद्याचं कलम टाकू नका. तोंडी 'नाही' म्हणायला कोणाचं काही जात नाही, पण लिहून द्यायची वेळ आली की सूर बदलतो. "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" हे उत्तर आलं तरी ते जपून ठेवा.

२. पण घर मालकाचं आहे. कोणाला द्यायचं हे त्यानेच ठरवायचं ना?

बऱ्याच अंशी हो, आणि हे ऐकून फोनवरचा माणूस दर वेळी नाराज होतो. धर्म, जात, लिंग यांवरून दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांत आडकाठी करायला संविधानाचं कलम १५ मनाई करतं. त्या यादीत खाजगी घर नाही. मालकाने "आम्हाला मांसाहारी भाडेकरू नको" किंवा "अमुक धर्माचे नको" म्हटलं, तर थेट त्याला पकडेल असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही.

अपवाद मात्र ठळक आहेत. जात अस्पृश्यतेशी जोडलेली असेल तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ लागू होतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा तिथे राहायला अडथळा करणं हा गुन्हा आहे. शिक्षा १ ते ६ महिने. आडकाठी झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाली असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. पारलिंगी व्यक्तींना घर भाड्याने किंवा विकत नाकारायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी तशीच तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे. हे दोन कायदे माहीत असलेला सेक्रेटरी मला आजवर एकच भेटला, आणि तो औषधाच्या दुकानात काम करणारा होता.

मालक आणि सोसायटी या वेगळ्या गोष्टी आहेत हेही विसरू नका. मालकाला जी मोकळीक आहे ती सोसायटीला नाही. ते पुढच्या प्रश्नात.

३. फ्लॅट विकत घेतला, रजिस्ट्रेशन झालं. सोसायटी सदस्यत्व देत नाहीये. चालतं का?

पुरेसं कारण असल्याशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, असं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सांगतो. नाकारलं तर कारणांसह लेखी कळवावं लागतं. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सदस्य झाला असं मानलं जातं. यालाच मानीव सदस्यत्व म्हणतात. "मीटिंग झाली नाही", "चेअरमन गावाला गेलेत", "बघू पुढच्या महिन्यात" या कारणांवर कमिट्या वेळ काढतात, पण तेवढ्यात घड्याळ तुमच्या बाजूने चालू असतं.

एकच अट: अर्ज दिल्याचा पुरावा हवा. पोचपावती घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. वॉचमनच्या हातात लिफाफा दिला म्हणजे अर्ज दिला असं होत नाही. जुन्या मालकाची थकबाकी भरलेली नसेल तर सोसायटी अडून बसू शकते, आणि ते कारण खरंही असू शकतं. आधी तो हिशेब मिटवा, म्हणजे खरं कारण उघडं पडेल.

४. आमच्या सोसायटीच्या उपविधीतच (नोंदणीकृत नियमावलीतच) लिहिलंय की सदस्य एकाच समाजाचे असावेत. मग?

हा अवघड अपवाद आहे. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशी अट ग्राह्य धरली. ती सोसायटी पारशी समाजाने स्वतःसाठी स्थापन केलेली होती आणि अट नोंदणीकृत उपविधीत होती. आपल्याकडेही समाजाच्या नावाने उभ्या राहिलेल्या जुन्या सोसायट्या आहेत. तिथे हा निकाल आडवा येऊ शकतो.

गंमत अशी की या निकालाचा हवाला ज्या सोसायट्या देतात त्यांच्या उपविधीत बहुधा तसं काही नसतंच. बिल्डरने इमारत बांधली, आदर्श उपविधी जसेच्या तसे स्वीकारले, आणि पंधरा वर्षांनी सर्वसाधारण सभेत हात वर करून ठराव केला. असा ठराव म्हणजे उपविधी नव्हे. उपविधी बदलायला हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, आणि सहकार खात्याच्या निबंधकाने नोंदणी केल्याशिवाय तो बदल लागूच होत नाही. तेव्हा उपविधीची प्रत मागा आणि स्वतः वाचा.

५. आम्ही तीन मैत्रिणी मिळून राहतो. "बॅचलर मुलींना नको" असा सोसायटीचा नियम आहे म्हणतात.

हा प्रश्न आला की मला माझंच तोंड लपवावंसं वाटतं. २००९ मध्ये आम्हीच असा 'नियम' केला होता. तिसऱ्या मजल्यावर चार मुलं राहायची, रात्री उशिरा गाणी लागायची, एकदा जिन्यात बाटली सापडली. सभेत पंधरा मिनिटांत ठराव झाला: बॅचलर बंद. वर्षभराने त्याच ठरावावर बोट ठेवून एका बँकेत नोकरी करणाऱ्या विधवा बाईंना घर मिळालं नाही, कारण त्या 'एकट्या' होत्या. पत्रावर सही माझी होती. गाण्यांची तक्रार त्या चार मुलांकडेच करायला हवी होती; ते आम्हाला जड गेलं, म्हणून अजून न आलेल्या माणसांवर राग काढला.

आता नियमांचं. आदर्श उपविधींनुसार सदस्याला घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ना-वापर शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तसा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. "बॅचलर असतील तर दुप्पट" हा प्रकार त्यात बसत नाही. आवाज, पार्किंग, रात्रीचे पाहुणे यांचे नियम सगळ्यांना सारखे असतील तर ते पाळा, आणि लग्न झालेल्यांनाही ते लागू आहेत का ते एकदा हसत हसत विचारा.

६. आम्ही आगरी आहोत. घरात सुकट-बोंबील शिजले की कमिटीची नोटीस येते. मासळी खाणं बंद करायला लावू शकतात का?

खाण्यावर बंदी घालायचा अधिकार हाऊसिंग सोसायटीला नाही. उपद्रवाची तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे. फरक बारीक आहे, पण तो पकडता यायला हवा. सामायिक गच्चीवर बोंबील वाळत घातले, कोळंबीची सालं डक्टमध्ये टाकली तर शेजारी तक्रार करणारच, आणि ती रास्त. तुमच्या स्वयंपाकघरात आमटी शिजली, तर ती त्याच दर्जाची तक्रार नाही. नोटिशीला उत्तर देताना विचारा: कोणती कृती, कोणत्या तारखेला, कोणत्या उपविधीखाली? पनीर, लसणाची फोडणी आणि धुपाचा धूर यांच्याबद्दल अशी नोटीस कधी निघाली होती का, हेही विचारायला हरकत नाही.

मला स्वतःला या प्रश्नाचा राग जास्त येतो, कारण जागा कोणती आहे ते बघा. ठाण्याला चेंदणी कोळीवाडा आहे, वाशीला कोळीवाडा आहे, बेलापूरला दिवाळे आहे. खाडीकाठी इमारत बांधायची, माहितीपत्रकात खाडीचा नजारा छापायचा आणि खाडीतली मासळी नको म्हणायची!

७. मराठी आहोत म्हणून घर नाकारलं. यावर काही करता येतं का?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर प्रश्न २ आणि ३ मध्ये आहे: मालकाने नाकारलं तर हातात फारसं नाही, सोसायटीने नाकारलं तर आहे. बातमी झाली की राजकीय पक्ष येतात, माफीचा व्हिडिओ होतो, आणि आठवड्याने त्याच इमारतीत तेच चालू राहतं. माझा अनुभव असा की माफीच्या व्हिडिओपेक्षा निबंधकांकडून आलेल्या पत्राला कमिटी जास्त घाबरते.

आणि एक कडू गोष्ट. असे फोन करणाऱ्यांपैकी काहींना मी विचारतो, "तुमचा दुसरा फ्लॅट आहे ना, तो कोणाला दिलाय?" मग कळतं की तिथे भय्ये नकोत, मुस्लिम नकोत, 'जयभीमवाले' नकोत. मराठी असल्याने नाकारलं जाणं जितकं खरं, तितकंच हेही खरं. फोनवर थोडा वेळ शांतता होते.

८. नवी मुंबईत सगळेच बाहेरून आलेले. मग गाववाले आणि नोडमधले (सिडकोने आखलेल्या वसाहतींतले) यांच्यात एवढा दुरावा का?

सगळेच बाहेरून आलेले नाहीत. गोंधळ इथूनच सुरू होतो. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ३४४ चौरस किलोमीटरचं नवं शहर आखलं गेलं. त्या आखणीत ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं होती. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी माणसं एका अधिसूचनेने प्रकल्पग्रस्त झाली. जमिनीच्या दराविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्याच्या दबावातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. विमानतळासाठी गावं हलली तेव्हा हा आकडा साडेबावीसवर गेला.

आता त्या भूखंडांवर टॉवर आहेत, गावठाणात गरजेपोटी बांधलेल्या चाळी आहेत आणि त्या चाळींत बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून आलेले भाडेकरू आहेत. ज्यांची शेती गेली तेच मालक झाले. नोडमधला माणूस त्यांना 'गाववाले' म्हणतो, त्यात दादागिरीचा अर्थ भरून. गावातला माणूस नोडवाल्याला 'पाहुणा' म्हणतो, तोही तसाच अर्थ भरून. एका पिढीत भाताची खाचरं जाऊन सेक्टर नंबर आले. तीस वर्षांपूर्वी घणसोलीत जिथे खळं होतं तिथे आज कोणीतरी "हे लोक इथे कुठून आले" म्हणून गावातल्याच पोरांकडे बघतं. गावातल्या मालकाचा संशय कुठून येतो हे मला कळतं. म्हणून त्याने एखाद्या दलित किंवा मुस्लिम कुटुंबाला खोली नाकारावी हे मात्र पटत नाही. ज्याला एकदा जागेवरून उठवलं गेलं त्याला तरी उठवलं जाणं कळायला हवं.

गावठाणातल्या चाळीत सोसायटी नसते, त्यामुळे प्रश्न ३ ते ५ तिथे लागू होत नाहीत. तिथे मालक एकटाच असतो. प्रश्न २ वाचा.

९. गावकीने आम्हाला वाळीत टाकलंय. हे २०२० नंतरही चालतं?

चालतं, आणि शहरापासून तासाभराच्या अंतरावर चालतं. रायगडातल्या गावकीच्या बहिष्काराच्या आणि राज्यातल्या जातपंचायतींच्या प्रकरणांमुळेच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. त्याआधी अंधश्रद्धा निर्मूलन समितीने काही वर्षं जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली होती.

लग्नकार्याला न बोलावणं, देवळात किंवा स्मशानात अडवणं, किराणा-दळण बंद करणं, बोलणाऱ्याला दंड लावणं, हे सगळं यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायची तरतूद आहे. बहिष्कार घालणाराच नव्हे, त्यासाठी सभा बोलावणाराही यात येतो. म्हणून दवंडी, गावकीच्या वहीतली नोंद, व्हॉट्सॲपवरचा "अमक्याच्या हळदीला कोणी जायचं नाही" हा मेसेज, हे सगळं पुरावा आहे.

पोलीस चौकीत "हा तुमच्या गावातला आपसातला प्रश्न आहे" असं सांगून परत पाठवतील, तर कायद्याचं नाव छापून सोबत न्या: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम, २०१६.

१०. मग आमच्या सोसायटीतले लोक आमच्याशी बोलत नाहीत, गणपतीला बोलावत नाहीत. तोच कायदा लागेल?

बहुधा नाही. त्या कायद्यातला 'समुदाय' धर्म, पंथ, जात, पोटजात यांनी जोडलेला आहे. एका इमारतीत राहणं हा समुदाय नव्हे. तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल आणि बाकीच्यांनी ठरवून तोडलं असेल, तर मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक-आर्थिक बहिष्कार आणि त्याची धमकी हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. बाकी, शेजाऱ्याने आपल्याशी बोलावंच असं कोणताही कायदा लावू शकत नाही. वर्गणी घेऊन आरतीला बोलावलं नाही, तर मात्र पावतीसह हिशेब मागा.

११. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवलंय. भाऊकी धमक्या देते.

धमकीची तक्रार आजच द्या, लग्नाच्या दिवसाची वाट पाहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात राज्यांना सांगितलं की प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा आणि अशा जोडप्यांना सुरक्षित निवारा मिळावा. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. धोका असेल तर याच महिन्यात मुलगी कुठे राहणार ते आधी ठरवा. राज्य सरकारच्या योजनेत पात्र आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये मिळतात, पण त्यासाठीची धावपळ लग्नानंतर.

१२. घरकाम करणाऱ्या बायकांना मुख्य लिफ्ट बंद. हे जातीयवादीच ना?

लिफ्टवर कुठेही जात लिहिलेली नसते, ती चपळाईने 'हायजीन' या शब्दात बसवलेली असते. सामान न्यायची वेगळी लिफ्ट असणं यात गैर काही नाही. माणसाच्या हातात सामान नसतानाही त्याला सामानाच्या लिफ्टने पाठवणं यात आहे. घोडबंदरच्या टॉवरांमधून हे फोन येऊ लागले. जुन्या चार मजली इमारतींमध्ये लिफ्टच नव्हती, म्हणून हा प्रश्नही नव्हता. पाटी कोणत्या ठरावाने लागली ते सदस्याने लेखी विचारावं. मी पाहिलेल्या दोन ठिकाणी ठराव सापडलाच नाही, आणि पाटी एका रविवारी गुपचूप निघाली.

१३. तणाव असला की सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू होतात. ॲडमिन म्हणून मी काय करू?

आधी आपल्या जिल्ह्याचा इतिहास आठवा. भिवंडीत १९७० मध्ये आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८४ ची आग ठाणे-मुंबईपर्यंत पोचली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला कमिट्या बांधल्या: हिंदू-मुस्लिम शेजारी, यंत्रमाग कामगार, दुकानदार, बीटचे पोलीस, नियमित एकत्र बसणार, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत बोलणार. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईतून जीव मुठीत धरून निघालेली कितीतरी मुस्लिम कुटुंबं त्या काळात मुंब्र्याला आली आणि मुंब्रा वाढत गेलं. आज "मुंब्र्याचे आहात का?" हा प्रश्न घर दाखवण्याआधी विचारला जातो. तिथे त्यांना कोणी ढकललं हे विचारणाऱ्याला आठवत नाही.

भिवंडीतून घ्यायची गोष्ट ही की माणसं दंगलीच्या दिवशी भेटली नाहीत, आधीची चार वर्षं भेटत होती. ॲडमिनने करायचं ते साधं आहे: ग्रुपवर सोसायटीच्या कामाशिवाय काही चालणार नाही असं शांततेच्या दिवशीच जाहीर करा. तणावाच्या दिवशी केलं तर तुम्ही कोणाची तरी बाजू घेताय असं दिसतं. पाठवणारा डॉक्टर असो की चेअरमन, मेसेज काढा. आणि इमारतीतल्या दोन मुस्लिम घरांना स्वतः फोन करा. ग्रुपवर 'आपण सगळे एक आहोत' लिहिणं हा त्याला पर्याय नाही.

१४. करोनात नर्सताईंना घर सोडायला लावलं होतं. पुन्हा साथ आली तर?

तेव्हाच साथरोग कायदा बदलला. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने, आणि नंतर त्याच वर्षी कायद्याने, आरोग्यसेवकांना राहत्या किंवा कामाच्या जागी त्रास देऊन कामापासून रोखणं हा गुन्हा ठरवला. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत. त्या उन्हाळ्यात एकीकडे आपण बाल्कनीत थाळ्या वाजवत होतो आणि दुसरीकडे आमच्याच शेजारच्या इमारतीत एका वॉर्डबॉयच्या कुटुंबाला पाणी भरताना वेगळी वेळ दिली होती. थाळी वाजवणाऱ्यांत आणि वेळ ठरवणाऱ्यांत काही नावं सामायिक होती.

१५. पुनर्विकासानंतर इमारतीचं वातावरणच बदललं. जुने-नवे असे दोन गट पडलेत.

हे होणारच. चोवीस बिऱ्हाडांची इमारत ऐंशी फ्लॅटची होते, जुन्यांना मेंटेनन्स परवडत नाही, नव्यांना जुन्यांच्या सवयी आवडत नाहीत. कमिटीत दोन्हीकडचे लोक घ्या आणि पहिल्या सहा महिन्यांत नियम नव्याने लिहून काढा, म्हणजे "आमच्याकडे असंच चालतं" हे वाक्य दोन्ही बाजूंना म्हणता येणार नाही. बाकी भांडणं पार्किंगची असतात. ती पार्किंगचीच राहू द्या; त्यांना जातीधर्माचा रंग लागू लागला की प्रश्न १० आणि १३ पाहा.

१६. तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी सोसायटीला लेखी, पोचपावतीसह. मग सदस्यत्व, उपविधी, शुल्क यांसाठी उपनिबंधक, सहकारी संस्था, ठाणे. नवी मुंबईत सिडको क्षेत्रातल्या सोसायट्यांसाठी सहनिबंधकांचं वेगळं कार्यालय बेलापूरला आहे. ठाण्याला जाऊन परत येऊ नका, माझ्याकडे अशी फेरी मारून आलेले पुष्कळ आलेत. जात, बहिष्कार, धमकी यांसाठी पोलीस ठाणे. नोंद घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस आयुक्तालयात पोस्टाने पाठवा. नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं, ठाण्याचं वेगळं. ऐरोलीतल्या माणसाने ठाण्याला अर्ज दिला तर तो फिरत राहतो.

१७. तक्रार केली तर त्याच इमारतीत राहायचंय. मुलांना त्रास झाला तर?

या प्रश्नावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एका कुटुंबाने तक्रार करून सदस्यत्व मिळवलं, आणि वर्षभराने फ्लॅट विकून ते डोंबिवलीला गेले. दुसऱ्याने तक्रार केलीच नाही, गप्प राहिले, आज त्यांचा मुलगा कमिटीत आहे. मला एवढंच कळलंय की तक्रार एकट्याने करण्यापेक्षा इमारतीतल्या एका तरी दुसऱ्या घराची सही सोबत असली की पुढचं वर्ष वेगळं जातं. ती एक सही मिळवायला महिना लागला तरी थांबा. धमकी असेल तर मात्र थांबू नका.

१८. मी कमिटीत नवीन आहे. माझ्या हातात नेमकं काय आहे?

भाडेकरू माहितीचा छापील अर्ज काढून बघा. आमच्याकडच्या अर्जात 'धर्म', 'जात' आणि 'शाकाहारी / मांसाहारी' असे तीन रकाने होते. कोणी आणि कधी घातले हे कोणालाच आठवत नव्हतं. बहुधा दुसऱ्या सोसायटीचा अर्ज झेरॉक्स करून आणला होता. पोलिसांना लागणाऱ्या माहितीत त्यातलं काहीच नव्हतं. आम्ही नवे अर्ज छापले नाहीत, कारण जुने दोनशे पडून होते. वॉचमनच्या टेबलावर एक काळं स्केचपेन दोरीने बांधलं आणि अर्ज देण्याआधी ते तीन रकाने खोडायचे असं ठरलं. दोरी दोनदा तुटली, पेन तीनदा बदललं, अजून साठेक अर्ज उरलेत.